नऊ माणसं, दोन पांगा आणि बाहाचा समुद्र

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डॅलसहून डिसेंबरच्या सुट्टीत नऊ जण मेक्सिकोत काबो सान लुकासला जायचं. तुम्ही दोघं, 7 आणि 11 वर्षांची मुलं, रत्नागिरीहून आलेले बाबा, आणि दोन मित्र बायकांसह. त्यातलं एक जोडपं शाकाहारी. बाबांना गरवायची हौस. तेव्हा पस्तीस फुटी बोट तीन दिवस भाड्याने घ्यावी का?

घेऊ नका. तीन दिवस तर नकोच. दोन सकाळी पुरेत. एका मोठ्या बोटीऐवजी दोन पांगा, म्हणजे छोट्या उघड्या होड्या, घ्या आणि ज्यांना यायचं नाही त्यांना खुशाल किनाऱ्यावर झोपू द्या. तारीख हलवता येत असेल तर डिसेंबर सोडून जून धरा आणि काबोऐवजी लोस बार्रिलेसला जा.

मी सॅन डिएगोला राहतो आणि बरीच वर्षं बाहाला, म्हणजे काबो ज्या द्वीपकल्पावर आहे तिथे, जातोय. पहिल्या खेपेला मी नेमकं तुम्ही ठरवलंय तेच केलं होतं. दहा माणसं, एक मोठी बोट, सकाळी सहा ते दुपारी दोन. साडेसातला माझ्या मेव्हण्याचा मुलगा ओकला, आठला त्याची आई, आणि त्यानंतर डिझेलच्या वासाने जे जे तग धरून होते तेही. परत फिरावं तर ज्यांनी हौसेने पैसे भरले होते त्यांची तोंडं वाकडी. न फिरावं तर बाकीचे आडवे. फिरलो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भाड्याच्या वाटणीवरून जे झालं ते इथे लिहीत नाही. एक मित्र अजून त्या सहलीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतो.

पांगा म्हणजे उघडी फायबरची होडी, बावीस ते सव्वीस फूट, मागे एक इंजिन. आपल्याकडच्या फायबर होडीची चुलतबहीणच म्हणा. तीन गरवणारे, एक तांडेल, कधी एखादा खलाशी. वर नीट सावली नसते, संडास बहुधा नसतोच, हे बायकामुलांना आधी स्पष्ट सांगा. पण फायदा असा की एका पांगातल्या कोणाला मळमळलं तर ती एकटी परत येते, दुसरी चालू राहते. आणि आमच्या हिशेबाने दोन पांगांचं भाडं मिळून एका मोठ्या बोटीच्या वर गेलेलं नाही.

आता जून का. बाहा कॅलिफोर्निया हे लांबलचक द्वीपकल्प. पश्चिमेला प्रशांत महासागर, पूर्वेला कोर्तेसचा समुद्र. लोस बार्रिलेस पूर्वेच्या अंगाला, सान होसे देल काबोच्या विमानतळापासून गाडीने तासाभरावर. हिवाळ्यात तिथे उत्तरेचा वारा सुटतो, त्याला तिकडे 'एल नोर्ते' म्हणतात. सकाळी दहाच्या आत पाण्यावर पांढऱ्या फेसाळ लाटा दिसायला लागतात आणि गावात पतंग लावून लाटांवर धावणाऱ्यांची गर्दी होते. त्यांची मजा, गरवणाऱ्याची सजा. मे-जूनमध्ये तोच समुद्र सकाळी तळ्यासारखा असतो. जुलैअखेरीपासून उकाडा सोसवत नाही आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचे दिवस. सप्टेंबर 2014 मध्ये ओदील चक्रीवादळाने काबोची काय दशा केली ते लोक अजून सांगतात. शाळांना सुट्टी लागल्या लागल्या, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

जाताना वाटेत सांतियागोजवळ कर्कवृत्ताचं स्मारक लागतं. भूगोलाच्या पुस्तकातली ती तुटक रेघ महामार्गालगत उभी असते. मुलांना पाच मिनिटं उतरवा.

डिसेंबरच पक्का असेल तर काबोलाच राहा, पण सकाळचीच आणि किनाऱ्याला धरून जाणारी पांगा घ्या, चार-पाच तासांची. त्या दिवसांत तिथे सिएर्रा मिळते, आणि बाबांना खरी मजा त्यातच येईल. सिएर्रा म्हणजे आपल्या सुरमईची सख्खी नातेवाईक. अंगावर सुरमईसारखे आडवे पट्टे नसून पिवळसर सोनेरी ठिपके, आकार लहान, दात मात्र तेच. तारेचा तुकडा न बांधता गरी टाकली तर नायलॉन कचकन तोडून जाते. डिसेंबरला काबोत पट्टेवाला मार्लिनही असतो आणि बोटवाले तोच विकतात. पण मार्लिन म्हणजे तासन् तास आमिष ओढत फिरणं आणि लागला तर एकाच माणसाची झुंज. सात वर्षांच्या पोराला त्यात काय? शिवाय लागलेला मार्लिन सोडून द्यायचीच चांगली पद्धत आहे, आणि सोडणार हे तांडेलाला निघायच्या आधी सांगायचं. नंतर नाही.

जूनमध्ये लोस बार्रिलेसला काय मिळतं? दोरादो, म्हणजे अमेरिकेत ज्याला माही-माही म्हणतात तो. पिवळ्या परांचा कुपा, म्हणजे ट्यूना. दगडाळ तळाला पार्गो आणि काब्रिय्या, म्हणजे तांबोसा आणि गोबरा यांचे भाऊबंद. किनाऱ्याजवळ पेस गाय्यो, कोंबडामासा, पाठीवर सात लांब काट्यांचा तुरा. आमिष दिसलं की तुरा पाण्याबाहेर उभा राहतो आणि पोरं किंचाळतात. खायला त्यात विशेष नाही, फोटो काढा आणि सोडा.

दोरादो मात्र मुलांसाठीच घडवलाय. तो तरंगत्या काटक्या, शेवाळ, एखादी पेटी, कशाच्याही सावलीला जमतो. तांडेल आकाशात फ्रिगेट पक्षी शोधत असतो. लांब शेपटीचा तो काळा पक्षी एका जागी घिरट्या घालायला लागला की होडी तिकडे. पहिला दोरादो लागला की लगेच होडीत ओढायचा नाही. त्याला पाण्यातच धरून ठेवायचं, म्हणजे बाकीचा थवा त्याच्यामागे होडीपर्यंत येतो आणि दुसऱ्यांच्या गरीला लागतो. माझ्या मुलीने नवव्या वर्षी असा पहिला मासा धरून ठेवला होता, दोन्ही हातांनी रॉड पोटाशी दाबून, आणि खलाशी तिला 'एस्पेरा, एस्पेरा' म्हणत होता. थांब, थांब. पाण्यात तो हिरवा, निळा, सोनेरी. होडीत घेतल्यावर दोन मिनिटांत सगळे रंग उतरून राखाडी झाला. ती रडली. तुमच्या धाकट्याला हे आधी सांगून ठेवा.

बाबांविषयी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वेंगुर्ल्याचे. आयुष्यभर हातदोरीने गरवलेला माणूस. एका जूनमध्ये त्यांना नेलं. डॉल्फिनच्या कळपाखाली बऱ्याचदा कुपे पोहत असतात, म्हणून तांडेल कळपाच्या पुढे होडी घालत होता. अचानक तो ओरडायला लागला, 'आतून! आतून!' अण्णा घाईने खाली वाकले, फळी उचलून होडीत कुठून पाणी येतंय ते बघायला. स्पॅनिशमध्ये कुप्याला आतून म्हणतात हे मी त्यांना सांगायला विसरलो होतो. तोवर त्यांच्या रॉडचा रीळ कर्रकर्र करत सुटला होता आणि निम्मी दोरी समुद्रात.

तो कुपा गेला. रॉड आणि रीळ त्यांना काही जमेना. सवय तर्जनीवर दोरी ठेवून मासा ओळखायची, आणि त्या काठीतून त्यांना काहीच कळत नव्हतं. शेवटी त्यांनी मला म्हटलं, 'ह्याला विचार, नुसती दोरी आहे का.' तांडेलाला मी हाताने खुणा केल्या. त्याने बाकाखालून स्वतःची गुंडाळी काढली, जाड नायलॉन, शिशाचं वजन, एक गरी. दगडाळ तळाच्या वर होडी उभी केली. पुढचा दीड तास त्या दोघांना माझी गरज नव्हती. अण्णा मराठीत बोलत होते, तो स्पॅनिशमध्ये, आणि चार पार्गो वर आले. तेव्हा तुम्हीही हातदोरीचं बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

आता कोरडी पण लागणारी माहिती. पासपोर्ट भारतीय असेल आणि त्यावर वैध अमेरिकन व्हिसा किंवा सोबत ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. बाबांचा पर्यटक व्हिसाही चालतो. पण तुमच्यापैकी कोणाचा एच-1बीचा, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचा, पासपोर्टवरचा स्टॅम्प संपला असेल, आणि हातात नुसता मुदतवाढीचा कागद असेल, तर मेक्सिको त्यावर आत घेणार नाही. विमानाचं तिकीट काढायच्या आधी नऊही पासपोर्ट उघडून बघा. आमच्या गटातलं एक जोडपं याच कारणाने विमानतळावरून घरी गेलंय.

होडीतून गरवायला परवाना लागतो, किनाऱ्यावरून गरवायला नाही. परवाना दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा मिळतो. भाड्यात तो धरलाय का ते विचारा, बहुतेक वेळा नसतो. माणशी दिवसाला दहा मासे, एका जातीचे पाचांहून जास्त नाहीत. दोरादो दोनच, मार्लिन तर होडीमागे एकच. शेवंड, कोळंबी, कालवं पर्यटकाने काढायची नाहीत. दोरादो, मार्लिन, कोंबडामासा हे किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपर्यंत फक्त हौशी गरवणाऱ्यांसाठी राखीव आहेत, धंदेवाल्यांना बंदी. आपल्याकडे असं काही सुचवलं तर काय होईल याचा विचार मी कधीकधी करतो.

आमिषाचे पैसे वेगळे आणि रोख. पहाटे जिवंत मासळीची टाकी घेऊन आमिषवाले होडीला होडी लावतात. तांडेल-खलाशाला भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी, हीही रोख, त्यांच्या हातात.

मळमळीचं: आंबा घाटात अव्होमिन घेणाऱ्या माणसाने इथेही गोळी घ्यायची, फक्त आदल्या रात्री एक आणि सकाळी एक. होडीत बसल्यावर घेतलेली गोळी माशांच्या पोटात जाते. मुलांना आणि बाबांना कोणती द्यायची ते इथल्या डॉक्टरला निघायच्या आधी विचारा, कानामागची पट्टी मुलांना लावू नका. सकाळी तेलकट नको, उपाशीही नको. केळं आणि बिस्किटं म्हणणार होतो, पण होडीत केळं नेणं अशुभ मानणारे तांडेल पुष्कळ आहेत. खोलीवरच खाऊन निघा.

ज्यांना मासेमारी नको त्यांच्यासाठी काबो पुल्मो. लोस बार्रिलेसपासून साधारण तासाभरावर, रस्त्याचा शेवटचा तुकडा कच्चा. तिथल्या मच्छीमार कुटुंबांनीच पुढाकार घेऊन 1995 मध्ये समुद्राचा तो भाग राष्ट्रीय उद्यान करवला आणि स्वतःची मासेमारी थांबवली. 1999 ते 2009 या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन साडेचारशे टक्क्यांहून जास्त वाढलं, असं शास्त्रज्ञांनी मोजलं. नळी लावून पाण्यावर तरंगलं तरी खाली माशांची भिंत दिसते. तुमची शाकाहारी मंडळी एक दिवस इथे गेली तर तेच सगळ्यात खूश होऊन परततील. आमच्यात तसंच झालं.

त्यांच्या जेवणाचं मात्र बघा. हॉटेलातला राजमा, म्हणजे फ्रिहोलेस, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेला असतो आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला. 'सिन मांतेका, सिन काल्दो दे पोय्यो' हे पाठ करायला लावा. खरं तर स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. मक्याच्या ताज्या रोट्या कोपऱ्यावर मिळतात, लिंबू-मिरची-कोथिंबीर सगळीकडे आहेच, आणि आंब्याच्या फोडींवर तिखट-मीठ-लिंबू टाकून खायची रीत तर आपलीच वाटते.

घरी परतल्यावर दुपारी मासे कोण साफ करणार हे आधी ठरवा, नाहीतर ते तुमच्या बायकोवर येतं. धक्क्यावर पोरं पैसे घेऊन काप करून देतात. तुकड्या हव्यात, बिनकाट्याचे काप नकोत, हे बोटाने दाखवून सांगावं लागतं, कारण मधला काटा ते मांजराला टाकून देतात. गावातली हॉटेलं तुमचा मासा शिजवून देतात, एक दिवस तसं करा. दुसऱ्या दिवशी घरी. आम्ही मालवणी मसाला, आगळ आणि तिरफळं बरोबर नेतो. पार्गोचं कालवण, दोरादोच्या तुकड्या रव्यात. सिएर्रा असेल तर थोडी बाजूला काढून बारीक चिरा आणि लिंबाच्या रसात कांदा-टोमॅटो-मिरची घालून वीस मिनिटं ठेवा. बाबा आधी कच्चा मासा म्हणून नाक मुरडतील. वाटी समोरच ठेवा.

उरलेलं गोठवून आणता येतं. हवाबंद पिशव्या, मऊ शीतपेटी, सामानात. कोरडा बर्फ माणशी अडीच किलोपर्यंत, तोही विमान कंपनीला आधी सांगून. पेटी पूर्ण भरा, रिकामी जागा राहिली तर टॉवेल कोंबा. आम्ही एकदा अर्धी पेटी घेऊन निघालो, मधल्या विमानतळावर सहा तास अडकलो, आणि घरी आल्यावर गाडीच्या डिकीचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही.