जी३ च्या आधीच्या तीन चाली

सप्रेम आशीर्वाद.

बुद्धिबळात काळ्याकडून किंग्ज इंडियन ही सुरुवात खेळायचं ठरवलंच आहेस, तर १९८९ च्या टिलबर्ग स्पर्धेतला पिकेट-कास्पारोव्ह डाव (डच ग्रँडमास्टर विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता) पटावर मांड. कास्पारोव्ह काळ्या बाजूने होता. डाव २८ चालींत आटोपला. सगळे विसाव्या चालीच्या जी३ ला दाद देतात (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं त्या घरात गेलं). तू मात्र १६, १७ आणि १८ या चालींवर थांब.

तोवर पटाचा मध्य प्याद्यांनी बंद झालेला असतो. पांढरा सी फाइलमधून, म्हणजे सी च्या उभ्या रांगेतून घुसतो, काळ्याची प्यादी एफ४, जी५ वर पोचलेली असतात. या टप्प्यावर लगेच जी४ रेटायचा मोह होतो, आणि तिकडे डी६ चं प्यादं उघडं पडतं. कास्पारोव्हने आधी हत्ती एफ७ वर घेतला, मग जी७ चा उंट एफ८ वर. डी६ ला आधार मिळाला. त्यानंतर दुसरा उंट डी७ वर.

हा डी७ चा उंट जीव की प्राण! पांढऱ्याने कधी एच३ केलं, तर तिथे स्वतःला झोकून राजासमोरची भिंत फोडणारा तोच. एखाद्या घोड्यासाठी तो सहज देऊन टाकू नकोस.

१९ व्या चालीला जी४. विसाव्या चालीला पांढरा घोडा सी७ वर येऊन ए८ चा हत्ती धरतो, तर कास्पारोव्ह हत्ती न हलवता जी३ करून एफ२ चा उंट धरतो. पांढऱ्याने हत्ती खाल्ला. पुढे काळ्याने तो उंट आणि ए८ वर अडकलेला घोडा, दोन्ही वसूल केले. एका हत्तीला दोन मोहरे, हल्ला शाबूत. संगणक अशा स्थितींत बराच वेळ पांढऱ्याकडे झुकतो, त्याचं फार मनावर घेऊ नकोस.

२५ वी चाल ए६. दिसायला फुटकळ, पण त्यामुळे ए७ मोकळं होतं. वजीर तिथे बसला की एफ२ चा हत्ती (उंट गेल्यावर पांढऱ्याने तिथे आणलेला) राजासमोर जखडला जातो. मग शेवटची चाल: २३ व्या चालीला जी३ वर आलेला काळा घोडा एच१ वर, थेट कोपऱ्यात. राजाने तो मारला तर वजीर एफ२ चा हत्ती उचलतो. पिकेटने तिथेच डाव सोडला.

आता गृहपाठ. २३ व्या चालीला तोच घोडा जी३ वर शह देतो, तेव्हा पांढऱ्याने तो एच प्याद्याने का मारला नाही? संगणक बंद ठेवून शोध. काळा वजीर एच४ वर नेऊन बघ.