प्लॅटफॉर्म वाचा, पण बॅलटची मागची बाजू सोडू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझं 2018 आठवलं. तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत मिझुरी राज्यात राहता, ग्रोसरी स्टोअरमध्ये तासावर काम करता, मार्चमध्ये सिटिझन झालात, येत्या नोव्हेंबरला पहिलंच मतदान, आणि घरी मिस्टर म्हणतायत की दोन्ही पार्ट्यांचा प्लॅटफॉर्म वाच, जी पटेल तिला वरपासून खालपर्यंत मत दे आणि मोकळी हो, बॅलटच्या, म्हणजे मतपत्रिकेच्या, मागच्या बाजूचे ते प्रपोझिशन न् अमेंडमेंट, म्हणजे कायद्यावर आणि घटनादुरुस्तीवर थेट हो-नाही विचारणारे प्रश्न, वकिलांसाठी असतात. मिस्टरांचा मान ठेवून सांगते, तासावर काम करणाऱ्या माणसासाठी हे बरोबर उलटं आहे. गेल्या आठ वर्षांत माझ्या पगारात जे काही हललं ते त्या मागच्या बाजूने हललं, आणि जे हातातनं गेलं ते मी समोरच्या बाजूला नीट न बघितल्यामुळे गेलं.

आधी प्लॅटफॉर्मचं बघू. प्लॅटफॉर्म म्हणजे आपला जाहीरनामाच, दर चार वर्षांनी पार्टीच्या कन्व्हेन्शनला, म्हणजे अधिवेशनात, मंजूर करतात, पण निवडून आलेल्या कुणावर तो बंधनकारक नसतो. डेमोक्रॅटांच्या प्लॅटफॉर्ममध्ये तासाला 15 डॉलर मिनिमम वेज, म्हणजे किमान वेतन, 2016 लाही होतं आणि 2020 लाही. मग 2021 च्या मार्चमध्ये सिनेटमध्ये त्यावर मत झालं तर 42 विरुद्ध 58 ने पडलं, आणि विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच गोटातले आठ जण होते. फेडरल, म्हणजे देशभराचं, मिनिमम वेज जुलै 2009 पासून 7.25 वर आहे, तेव्हा जन्मलेलं पोर आता हायस्कूलात असेल. रिपब्लिकनांनी 2020 ला नवा प्लॅटफॉर्म केलाच नाही, 2024 ला केला त्यात टिपवर टॅक्स नको हे होतं, आणि ते खरंच जुलै 2025 च्या कायद्यात आलं, वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतची टिप इन्कम टॅक्समधून वजा करता येते, 2025 ते 2028 एवढ्याच वर्षांसाठी, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मात्र तसंच कापलं जातं. म्हणजे प्लॅटफॉर्म अगदीच वाऱ्यावरचा असतो असं मी म्हणणार नाही, रेस्टॉरंटमध्ये वाढणाऱ्या बाईला त्याचा उपयोग झालाय. पण तुम्ही रजिस्टरवर उभ्या असता, तुम्हाला टिप कोण देणार.

आता बॅलटची मागची बाजू. नोव्हेंबर 2024 ला आपल्या राज्यात ट्रम्पना शंभरातली साधारण 58 मतं पडली आणि त्याच कागदावर प्रपोझिशन ए ला, म्हणजे मिनिमम वेज वाढवा आणि पगारी सिक लीव्ह द्या याला, तीही जवळजवळ 58 च. दोन्हीकडे हो म्हणणारी हजारो माणसं असणार. फ्लोरिडात 2020 ला तेच झालं, राज्य ट्रम्पनी घेतलं आणि 15 डॉलरची घटनादुरुस्ती साधारण 61 टक्क्यांनी पास झाली, तिथे 60 लागतात म्हणून हे विशेष. नेब्रास्कात 2024 ला सिक लीव्हला चारातल्या तिघांनी हो म्हटलं. प्रश्नापुढे पार्टीचं नाव नसलं की लोक आपल्या घरचा हिशेब मांडून मत देतात असं मला वाटतं, निदान माझ्या ओळखीतले तरी देतात.

मी डे-केअरमध्ये असिस्टंट आहे, दोन वर्षांच्या मुलांची रूम, आठवड्याला तीस तास. त्या रूममध्ये काम करायचं म्हणजे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कुणाचं ना कुणाचं नाक वाहत असतंच आणि ते तुमच्यापर्यंत येतंच. आधी ताप आला की दोन पर्याय, गोळी घेऊन जा नाहीतर त्या दिवसाचा पगार सोड. मी गोळी घेऊन गेलेय, खोटं कशाला बोलू, आणि एका छोट्या बाळाला माझ्यामुळे झालं असेल का हा विचार अजून मनातून जात नाही. प्रपोझिशन ए मध्ये दर तीस तासांना एक तास रजा होती, म्हणजे माझा हिशेब एकदम सोपा, आठवड्याला एक तास. मे 2025 पासून माझ्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, तळाशी एक नवी ओळ आली, सिक अवर्स. पहिल्यांदा दोन तास दिसले तेव्हा मी तो कागद घरी आणून फ्रिजवर लावला. ऑगस्टच्या शेवटापर्यंत सतरा तास जमले असते, दोन दिवसांच्या वर. मी त्यातला एक दिवस वापरला, दाढ काढली तेव्हा.

आणि मग ती ओळ गेली. राज्याच्या विधिमंडळाने हाऊस बिल 567 पास केलं, गव्हर्नर किहो यांनी 10 जुलै 2025 ला सही केली आणि 28 ऑगस्टपासून सिक लीव्ह रद्द. दरवर्षी महागाईप्रमाणे मिनिमम वेज वाढायची तरतूदही त्याच बिलात काढली. 15 डॉलर राहिले, ते 2026 च्या जानेवारीपासून लागू आहेत, पण पुढच्या वर्षी अंड्यांचा भाव वाढला तरी ते आपोआप वाढणार नाहीत. सगळ्यात लागतं ते हे की एप्रिलमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते मतदान वैध ठरवलं होतं, म्हणजे कोर्टात टिकलेली गोष्ट जेफरसन सिटीत, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या विधिमंडळात, साध्या बहुमताने गेली. माझी एक मैत्रीण छोटं दुकान चालवते, चार माणसं कामाला, तिचं म्हणणं की हा खर्च मला झेपत नव्हता, आणि तिचं मला कळतं, तिची वही मी बघितलीय. पण मग बदल करायचा तर परत आमच्यासमोर आणायचा होता ना, सात-आठ महिन्यांपूर्वी एवढ्या लोकांनी हो म्हटलेलं होतं.

हे करता कसं आलं, तर प्रपोझिशन ए हा साधा कायदा होता, घटनादुरुस्ती नव्हे, आणि ही एक गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवा. मिझुरीत लोकांनी सह्या गोळा करून साधा कायदा आणायचा तर आठपैकी सहा काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या मतदारसंघांत, गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या 5 टक्के सह्या लागतात, घटनादुरुस्तीला 8 टक्के. लायब्ररीबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाला विचारा 5 आणि 8 मधला फरक किती आठवड्यांचा असतो. म्हणून बरेचदा साधा कायदा आणतात, आणि साधा कायदा इथलं विधिमंडळ कधीही बदलू शकतं. सगळीकडे असं नाही. ॲरिझोनात 1998 पासून नियम आहे की लोकांनी पास केलेला कायदा विधिमंडळाला रद्द करता येत नाही, बदलायचा तर तीन चतुर्थांश मतं हवीत आणि तीही मूळ हेतूला धरून. कॅलिफोर्नियातही त्या कायद्यातच परवानगी लिहिलेली नसेल तर परत मतदारांकडे जावं लागतं. मिशिगनमध्ये 2018 ला तर वेगळंच केलं, सह्या झालेला मिनिमम वेज आणि सिक टाइमचा प्रस्ताव विधिमंडळाने आधी स्वतःच पास केला, त्यामुळे तो बॅलटवर आलाच नाही, आणि निवडणूक झाल्यावर डिसेंबरमध्ये त्यातला जीव काढून टाकला. तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे घटनेविरुद्ध म्हणून ठरवायला 2024 चा जुलै उजाडला, तोवर सहा वर्षांच्या आजारपणाच्या रजा कोण परत देणार.

आणि बॅलटवर येणारी प्रत्येक गोष्ट कामगारांच्या बाजूचीच असते असंही नाही. कॅलिफोर्नियाचं 2020 चं प्रपोझिशन 22 आठवतंय का? तिथे 2019 च्या कायद्याने ॲपवाल्या ड्रायव्हरांना कर्मचारी धरायची वेळ आली होती, मग उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे कंपन्यांनी मिळून 20 कोटी डॉलरच्या वर खर्च केला, विरोधकांकडे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढेच पैसे, आणि ते साधारण 59 टक्क्यांनी पास झालं. त्यात मिनिमम वेजच्या 120 टक्के कमाईची हमी असं छान लिहिलेलं होतं, पण ती हमी फक्त राइड स्वीकारल्यापासून सोडेपर्यंतच्या वेळेची, दोन राइडच्या मध्ये पार्किंगमध्ये गाडी लावून वाट बघत बसलात तो वेळ शून्य. पुढे विधिमंडळाने बदलायचं तर सात अष्टमांश मतं हवीत हेही त्यातच. म्हणजे जे कुलूप आपल्या सिक लीव्हला लागलं नाही ते कंपन्यांनी आपल्या कायद्याला बरोबर लावून घेतलं. म्हणून पैसा कुणी घातलाय ते आधी बघा, राज्याच्या निवडणूक खर्चाच्या वेबसाइटवर कमिटीचं नाव टाकलं की दिसतं, टीव्हीवरच्या जाहिरातीतली हसरी नर्स बघून ठरवू नका.

हो आणि नाही याचा अर्थही दोनदा वाचा. माझं पहिलं मतदान ऑगस्ट 2018 चं, तेव्हाच्या बॅलटवर पण प्रपोझिशन ए च नाव होतं, विषय राइट टू वर्क. नाव ऐकून वाटतं कामाचा हक्क आहे, चांगलंच असेल. प्रत्यक्षात युनियनला फी न देता युनियनच्या कराराचे सगळे फायदे घेता येतील असा तो कायदा, 2017 ला विधिमंडळाने पास केलेला, आणि युनियनवाल्यांनी तीन लाखांच्या वर सह्या आणून तो लोकांसमोर आणायला लावला होता. तिथे हो म्हणजे कायदा लागू, नाही म्हणजे कायदा रद्द. मी बूथमध्ये हो वर पेन टेकवणार होते, आदल्या रात्री शेजारच्या बाईंनी, त्यांचे मिस्टर पाइपफिटर, किचन टेबलावर सॅम्पल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, पसरून मला ओळ न् ओळ समजावली होती म्हणून वाचले. तो कायदा 67 टक्के लोकांनी पाडला.

या नोव्हेंबरला आणखी एक गोष्ट तुमच्या कागदावर येतेय. सप्टेंबर 2025 मध्ये विधिमंडळाने ठरवलं की सह्यांतून आलेली घटनादुरुस्ती पास व्हायची तर आठही डिस्ट्रिक्टमध्ये जिंकली पाहिजे असा बदल मतदारांपुढे ठेवायचा. सात डिस्ट्रिक्टमध्ये जिंकलात, राज्यभरात जिंकलात आणि एका ठिकाणी थोडक्यात हरलात तरी गेलं. साधा कायदा ते बदलू शकतात आणि घटनादुरुस्तीला हा अडसर, मग आपल्यासारख्यांनी सिक लीव्ह परत आणायची कुठल्या दाराने? मी याला नाही म्हणणार आहे, तुम्ही मजकूर स्वतः वाचून ठरवा.

नोंदणी निवडणुकीच्या आधीच्या चौथ्या बुधवारपर्यंत चालते, म्हणजे 7 ऑक्टोबर, मतदानाला फोटो आयडी लागतो. मतदार म्हणून नाव लागेपर्यंत कुठल्याही पिटिशनवर, म्हणजे प्रस्ताव बॅलटवर आणायच्या सह्यांच्या कागदावर, सही करू नका, आणि हे तुमच्या एच-वन व्हिसावाल्या आणि ग्रीन कार्डवाल्या, म्हणजे अजून सिटिझन नसलेल्या, मैत्रिणींनाही सांगा, दुकानाबाहेर कुणी कितीही गोड बोललं तरी. सॅम्पल बॅलट काउंटीच्या साइटवर येईल, ते प्रिंट करून मिस्टरांबरोबर बसा. आणि समोरच्या बाजूला राज्य प्रतिनिधी आणि राज्य सिनेटरची जी लहानशी नावं असतात ना, प्रेसिडेंटच्या गडबडीत ज्यांच्याकडे मी 2024 ला बघितलं नाही, त्यांच्यातले जे आत्ता पदावर आहेत त्यांनी हाऊस बिल 567 वर काय मत दिलं ते हाऊस आणि सिनेटच्या जर्नलमध्ये नावानिशी छापलेलं आहे. मी माझ्यावाल्याचं काढलं, मोजून दहा मिनिटं लागली. तुमचं सापडलं नाही तर डिस्ट्रिक्ट नंबर सांगा, रविवारी मुलं झोपली की मी शोधून देते.