नोटरीच्या कागदावर मिटलेला वाद सातबाऱ्यावर कसा न्यायचा?

प्रश्न : (सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात) आमच्या नावावरचा गट चुलत चुलते कसतात आणि त्यांच्या नावावरचा आम्ही. गावात जमिनींचं एकत्रीकरण होऊन तुकड्यांचे गट झाले तेव्हापासून असंच चालत आलंय. २०१६ मध्ये त्यांनी त्यांच्या नावावरच्या गटाचा ताबा मागण्यासाठी आमच्यावर दावा लावला. अजून साक्षीपुरावाच चालू आहे. गेल्या वर्षी एका लग्नात दोन्ही घरं पुन्हा बोलायला लागली. तंटामुक्ती समितीसमोर बसून पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलं : जो जे कसतो ते त्याचं, आणि विहिरीलगतचे चार गुंठे चुलत्यांना. कागद नोटरी केला. तलाठी म्हणतात, यावर फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावात बदल) होत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, वहिवाट आपली आहे, दावा आपणच जिंकू. आमच्या सातबाऱ्यावर आत्याचंही नाव आहे, ती मुंबईला असते. थोरला भाऊ गेला, त्याची मुलगी चौदा वर्षांची आहे. आता काय करावं?

उत्तर : नमस्कार. नऊ-दहा वर्षं कोर्टात समोरासमोर उभी राहिलेली दोन घरं एका कागदावर सही करतात, हे माझ्या अनुभवात रोज घडत नाही. म्हणून आधी हे सांगतो की तो कागद फाडू नका. तलाठ्यांचं म्हणणं मात्र बरोबर आहे. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या जमिनीची अदलाबदल नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. नोटरीचा शिक्का सही कोणाची एवढंच सांगतो, त्याने मालकी सरकत नाही. तुमच्या कागदाची किंमत आहे ती दुसऱ्या कारणाने. काय मिटलं, कसं मिटलं, हे दोन्ही घरांच्या शब्दांत त्यात आहे. ते आता कायद्याला चालेल अशा घडणीत बसवायचं आहे.

धाकट्या भावाचं म्हणणं आधी घेतो, कारण घरात तोच तयार नसेल तर पुढचं सगळं अडेल. वहिवाट जुनी आहे एवढ्याने मालकी मिळत नाही. ती मूळ मालकाच्या हक्काला उघड आव्हान देणारी असावी लागते. तुमच्याकडे तर दोन्ही घरांनी समजून-उमजून एकमेकांची जमीन कसली. आणि समजा, कोर्टाने भावाचं म्हणणं मान्य केलं. मग तेच म्हणणं चुलते तुमच्या नावावरच्या गटाबद्दल मांडतील आणि तेही तितकंच खरं ठरेल. आणखी एक गोष्ट त्याला शांतपणे सांगा : दावा फेटाळला गेला तर त्यांना ताबा मिळणार नाही, एवढंच. त्या गटाच्या सातबाऱ्यावर नाव चुलत्यांचंच राहील. पीककर्ज, विमा, उद्या रस्त्यात जमीन गेली तर मोबदला, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाने येतं. शिवाय हरणारा जिल्हा न्यायालयात अपील करणार, तिथून उच्च न्यायालयात. जिंकूनही हातात काय पडलं, हे तेव्हा तुमची मुलं विचारतील.

आता वाट. दावा चालू असल्यामुळे ती सोपी झाली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ २००२ पासून सध्याच्या रूपात लागू आहे. मिटण्यासारखा वाद न्यायाधीश लवाद, समेट, लोकअदालत किंवा मध्यस्थीकडे पाठवू शकतात. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून कोर्टात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, द्यायची की आम्हाला मध्यस्थीकडे जायचं आहे. लवाद तुमच्या कामाचा नाही. तो निकाल देतो, त्याची फी दोघांना पडते, आणि तुम्हाला निकाल नको आहे, मिटलेलं पक्कं करून हवं आहे.

‘सगळं ठरलंय, मग मध्यस्थ कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. ठरलंय ते पुरुषांमध्ये. तुमच्या पत्रात तंटामुक्ती समिती आहे, चुलते आहेत, भाऊ आहे, पण आत्याला कोणी विचारलं का, याबद्दल अवाक्षर नाही. वहिनीबद्दलही नाही. मध्यस्थीच्या खोलीत ज्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे ते सगळे बसतात, आणि मध्यस्थ प्रत्येकाशी वेगळंही बोलतो. तिथे बोललेलं उद्या कोणी दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाही, म्हणून माणसं मोकळं बोलतात. ओळख पटणार नाही एवढं राखून एक सांगतो. दोन भावांचा पाच गुंठ्यांचा दावा होता, तीन वर्षं नुसत्या मोजण्या आणि हरकती. मध्यस्थाने धाकट्याला एकट्याला विचारलं, या पाच गुंठ्यांत तू काय पेरणार आहेस? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, काही नाही, तिथे वडिलांची समाधी आहे आणि मला पुण्यतिथीला दिवा लावायला जाऊ देत नाहीत. जमीन थोरल्याकडेच राहिली. बांधावरून समाधीपर्यंत तीन फुटांची पायवाट धाकट्याला लिहून मिळाली. दाव्याच्या कागदांत समाधीचा शब्दही नव्हता.

आत्याकडे या. वडिलोपार्जित जमिनीत तिचा हिस्सा आहे, तिच्या सहीशिवाय अदलाबदल पूर्ण होत नाही. ती येऊ शकत नसेल तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र देऊ शकते. पण ‘सहीपुरती ये’ असा निरोप धाडू नका. मिळणाऱ्या गटात तिचं नाव राहणार की ती स्वखुशीने हक्कसोड करणार, हे तिने ठरवायचं. तिला स्वतःचा वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुम्हीच तिला हे सांगितलंत तर उद्या ‘मला फसवलं’ हा शब्द उठणार नाही.

पुतणीचा प्रश्न त्याहून नाजूक. सातबाऱ्यावर तिच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून वहिनीचं नाव असेल. चालू दाव्यात अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या वतीने तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, स्पष्ट यावी लागते. नसेल तर ती तडजोड रद्द करून मागण्याचा हक्क त्या मुलीला राहतो. तुमच्या नोटरीच्या कागदाचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. तडजोड तिच्या हिताची कशी, हे अर्जात नीट लिहा : जमिनीचा कस, पाणी, रस्ता. न्यायाधीश तेवढंच पाहतात.

मसुदा पक्का झाला की तो लोकअदालतीसमोर ठेवा. लोकअदालत निकाल देत नाही. जमलं तर निवाडा, नाही जमलं तर फाइल परत कोर्टात. पण झालेला निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मोजक्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट करता येते, तेवढंच. म्हणून सही करण्याआधी प्रत्येकाला मसुदा मोठ्याने वाचून दाखवा. दाव्यात भरलेली कोर्ट फीही परत मिळते. ती चुलत्यांनी भरली आहे, त्यांच्या कानावर ही गोष्ट जरूर घाला.

एवढ्याने मात्र काम संपत नाही, आणि इथेच बरेच लोक चुकतात. दावा फक्त चुलत्यांच्या नावावरच्या गटाचा आहे. तुमच्या नावावरचा गट त्यात नाही. दाव्याबाहेरच्या जमिनीबद्दल तडजोडीत काही लिहिलं तर त्याला नोंदणी लागतेच. म्हणून लोकअदालतीच्या निवाड्यात कलम घाला की दोन्ही बाजू अमुक दिवसांत अदलाबदल दस्त नोंदवतील. हा दस्त महागडा पडेल या भीतीने लोक नोटरीकडे वळतात. पण तुमच्यासारख्यांसाठीच राज्य शासनाने जानेवारी २०२३ मध्ये ‘सलोखा’ योजना आणली. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. ताबा परस्परांकडे असल्याचा पंचनामा तलाठी आणि मंडळ अधिकारी करतात, तो दस्ताला जोडायचा. योजनेला मुदत आहे, ती एकदा वाढवलीही गेली. दुय्यम निबंधक कार्यालयात आजची स्थिती विचारून मगच तारीख धरा. दोन्हींपैकी एखादा गट भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर आधी महसूल खात्याची परवानगी लागेल. सातबारा काढून बघा.

राहिले विहिरीलगतचे चार गुंठे. ते कागदातून काढा. पूर्ण गटाच्या बदल्यात पूर्ण गट अशी अदलाबदल सरळ होते. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे शासनाने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा तोडायला गेलात की तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो आणि सगळा दस्त अडकतो. चुलत्यांना चार गुंठे कशासाठी हवेत, हे त्यांना विचारा. माझा अंदाज आहे, पाण्यासाठी. तसं असेल तर जमीन न तोडता पाण्याचा हक्क लिहा : पाळी किती दिवसांची, मोटार कोणाची, वीजबिल कसं वाटायचं, पाइपलाइन कोणत्या बांधाने जाणार, विहीर आटली तर गाळ कोणी काढायचा. क्षेत्रातला फरकच सलत असेल तर पैशांत भरून द्या.

पहिलं काम, म्हणजे या आठवड्यातलं, दोन्ही गटांच्या मोजणीचा अर्ज. भूमी अभिलेख कार्यालयात दोन्ही घरांनी एकत्र जाऊन द्या. मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आल्याशिवाय मसुद्यात चतुःसीमा लिहू नका. बांध सरकलेले असतात, आणि जुन्या कागदावरून चतुःसीमा उतरवल्या की नवा दावा तिथूनच सुरू होतो. दस्त झाल्यावर फेरफार धरला जाईल, हरकतीसाठी नोटीस निघेल, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील. आत्याची नोटीस गावच्या पत्त्यावर जाऊन परत येऊ नये म्हणून तिचा मुंबईचा पत्ता तलाठ्यांकडे आत्ताच लेखी द्या. आणि मोजणीची तारीख कळली की तिला फोन करा. बांधावर उभं राहून आपला गट तिने स्वतः बघितला पाहिजे.