कोर्टवर मैत्रीण नसते, असं आई म्हणाली

"मॅडम, हिला एवढंच पटवून द्या की कोर्टवर मैत्रीण नसते. बाकी माझं काही म्हणणं नाही."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या आईने खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे सांगून टाकलं. शेजारी सतरा वर्षांची लेक, डाव्या गुडघ्याला ब्रेस, नजर खिडकीबाहेर. या दोघींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि मुलीने होकार दिला म्हणूनच लिहिते आहे.

मुलगी बॅडमिंटन खेळते. सहा वर्षं एकाच कोच मॅडमकडे, एकाच मैत्रिणीबरोबर. दुहेरीत दोघी जोडीदार, एकेरीत एकमेकींविरुद्ध. सात महिन्यांपूर्वी मागे जाऊन स्मॅश मारला, उतरताना गुडघा वळला आणि आतलं लिगामेंट, एसीएल, फाटलं. शस्त्रक्रिया झाली. ज्या निवड स्पर्धेची दोघींनी मिळून वर्षभर तयारी केली होती, त्या स्पर्धेत मैत्रीण दुसऱ्याच मुलीबरोबर दुहेरी खेळली आणि जिंकली. एकेरीतही तिची निवड झाली. तेव्हापासून हिने तिचा एकही फोन घेतला नव्हता. फिजिओंनी दिलेले व्यायामही कसेबसे चालले होते.

"हिनेच त्या मुलीला आपला ड्रॉप, तो जाळ्याजवळ अलगद टाकायचा फटका, शिकवला," आई सांगत होती. "मी तेव्हाच म्हणत होते, इतकी मोकळी होऊ नकोस. शेवटी काय झालं? मोठमोठ्या खेळाडू बघा, एकट्याने लढतात. म्हणून तर तिथवर पोचतात."

ही काळजी घेऊन अनेक पालक येतात, आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा मुलींचेच असतात. दोन मुलगे मैदानात एकमेकांना धूळ चारून संध्याकाळी गळ्यात हात टाकून फिरले तर कुणाला त्यात वावगं दिसत नाही. मुलींची मात्र दोन्हीकडून कोंडी होते. मैत्री केली तर त्या मऊ पडतील, आणि चुरस केली तर जळतात म्हणून नावं ठेवली जातील. त्या आईलाही मी हे सांगितलं, पण नंतर. आधी मुलीशी एकटीने बोलायचं होतं.

पहिल्या भेटीत ती जेमतेम चार वाक्यं बोलली. त्यातलं एक असं होतं: "आई रोज एक व्हिडिओ पाठवते." तिने फोन माझ्यापुढे धरला. पडून उठलेल्या, हरून जिंकलेल्या खेळाडूंचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ. त्यात ब्राझीलची जिम्नॅस्ट रेबेका आंद्रादे होती. "हिचं हेच लिगामेंट तीनदा फाटलं, तरी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली. माझं एकदाच फाटलंय आणि मी रडत बसलेय."

आदर्श हा शब्द मी जपून वापरते तो याच कारणाने. आईने प्रेमाने पाठवलेली गोष्ट लेकीच्या पाठीवर छडीसारखी पडत होती. आंद्रादेचा गुडघा 2015 ते 2019 या काळात तीन वेळा फाटला. या शस्त्रक्रियेनंतर वळणं-उड्या असलेल्या खेळात परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात, म्हणजे तिच्या वाट्याला तो काळ तीनदा आला. दोन मिनिटांच्या व्हिडिओत त्यातला एकही दिवस मावत नाही. मी मुलीला घरी जाऊन फक्त एक बघायला सांगितलं: 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्लोअर प्रकाराच्या पदकवितरणाच्या वेळी आंद्रादेच्या दोन्ही बाजूंना काय चाललंय.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "दोघी तिला वाकून नमस्कार करतायत. आणि त्यातली एक सिमोन बाइल्स आहे, तिची सगळ्यात मोठी प्रतिस्पर्धी." मग थोडं थांबून, "मला नाही जमणार असं. मी तसली नाहीये."

"तसली म्हणजे?"

उत्तर यायला वेळ लागला. मीही घाई केली नाही. शेवटी ती खाली बघत म्हणाली, "ती जिंकल्याचं कळलं ना ताई, तेव्हा मला वाटलं, तिचाही पाय मोडावा."

आणि मग इतके महिने दाबून ठेवलेलं रडू फुटलं.

हिला एसीएलपेक्षा हे एक वाक्य जास्त दुखत होतं. फोन न घेण्याचं कारण राग नव्हता, शरम होती. मैत्रिणीचं वाईट चिंतणारी मुलगी मैत्रिणीशी काय तोंडाने बोलणार, असं तिला वाटत होतं. आईला वाटत होतं मैत्री नडली. मला समोर दिसत होतं ते उलटंच: मैत्री तुटल्यामुळे मुलगी खचली होती. अशा वेळी "असं वाटतंच गं, होतं असं" म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. मी ते म्हटलं नाही. तिला ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश म्हणायला सांगितलं आणि त्याच्या आधी काय वाटलं होतं ते विचारलं. "एकटं पडल्यासारखं," ती म्हणाली. "ती पुढे गेली आणि मी इथेच राहिले."

सत्रात मी गोष्टी सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितली. टेनिसपटू मार्टिना नवरातिलोव्हा आणि ख्रिस एव्हर्ट यांची. 1973 ते 1988 या काळात दोघी एकमेकींविरुद्ध 80 सामने खेळल्या, त्यातले 60 अंतिम फेरीचे. 43 नवरातिलोव्हाने जिंकले, 37 एव्हर्टने. सुरुवातीला त्याही दुहेरीच्या जोडीदार होत्या. 1975 ची फ्रेंच आणि 1976 ची विम्बल्डन दुहेरी त्यांनी एकत्र जिंकली. मग एव्हर्टनेच ती जोडी मोडली, कारण एकेरीत नवरातिलोव्हा भारी पडू लागली होती आणि रोज शेजारी खेळून आपला खेळ तिला पाठ होतोय हे एव्हर्टला दिसत होतं.

"म्हणजे आई बरोबर बोलते," मुलगी लगेच म्हणाली.

पुढचं ऐक, म्हटलं. 1981 मध्ये एका अंतिम सामन्यात एव्हर्टने नवरातिलोव्हाला 6-0, 6-0 असं हरवलं. त्यानंतर बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमन नवरातिलोव्हाला तयार करू लागली. तिने सांगितलं की एव्हर्टशी मैत्री बंद, ती शत्रू आहे असं समज. नवरातिलोव्हाने काही काळ ते पाळलं, आणि त्या काळात ती जिंकलीही भरपूर. हे मी मुलीपासून लपवलं नाही. सोयीचा तेवढाच भाग सांगितला तर सतरा वर्षांच्या मुलीला लगेच कळतं. पण त्याच वेळी तिने शरीरावर आणि सरावावर अपार मेहनत घेतली होती. यश दुराव्याने दिलं की मेहनतीने, हे वेगळं काढता येत नाही. दिसतं ते एवढंच की दुरावा टिकला नाही. ज्या देशातून नवरातिलोव्हा 1975 मध्ये कायमची बाहेर पडली, त्या चेकोस्लोव्हाकियात, प्राग शहरात, ती 1986 मध्ये फेडरेशन कप या देशादेशांच्या सांघिक स्पर्धेसाठी अमेरिकेकडून खेळायला गेली तेव्हा संघात एव्हर्ट तिच्या सोबत होती. पुढे एव्हर्टला बीजांडकोशाचा कर्करोग झाला, आणि वर्षभराने नवरातिलोव्हाला घशाचा आणि स्तनाचा. त्या आजारपणात दोघींनी एकमेकींना धरून ठेवलं.

"म्हणजे त्या भांडल्या, जळल्या, लांब गेल्या..."

"आणि परत आल्या."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने खरा प्रश्न विचारला, ज्याची मी वाट बघत होते. "पण हे सगळं खेळून झाल्यावर ना? खेळत असताना कुणाला सांगायचं की मला जमत नाहीये? आणि सांगितलं की समोरचीला कळतंच ना आपण कुठे कच्चे आहोत."

याचं उत्तर तिला माझ्यापेक्षा आधी ठाऊक होतं, कारण तो सामना तिने पाहिला होता. 30 ऑक्टोबर 2025, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग आणि जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद 127. शतक तिला आठवत होतं. सामन्यानंतर जेमिमा काय बोलली ते तिने ऐकलं नव्हतं. ते आम्ही एकत्र ऐकलं. स्पर्धेच्या सुरुवातीला आपल्याला खूप अस्वस्थतेने घेरलं होतं, आईला फोन करून रडत होते, मग संघातूनही वगळलं गेलं. अरुंधती रेड्डीसमोर तर जवळजवळ रोज रडले. राधा यादव काळजी घ्यायला होती. स्मृती मानधना नेट्समध्ये यायची, फार काही न बोलता नुसती उभी राहायची, कारण आपल्या नुसत्या तिथे असण्याचं जेमिमाला किती मोल आहे हे स्मृतीला माहीत होतं.

"नुसती उभी राहायची?" मुलीने ते पुन्हा लावून ऐकलं.

संघातल्या जागांसाठी खेळणाऱ्या मुली आहेत या. एकीला वगळलं की दुसरीला जागा मिळते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? तरीही रडायला त्याच खांद्याची निवड झाली. चिवटपणा म्हणजे एकटीने दात-ओठ खाऊन सोसणं अशी समजूत मी इतक्या घरांतून पाहिली आहे की जेमिमा हे सगळ्यांसमोर बोलली याबद्दल मी तिची मनापासून ऋणी आहे. माझ्या दहा सत्रांचं काम त्या काही मिनिटांनी केलं.

यानंतर मी मुलीच्या परवानगीने तिच्या कोच मॅडमना फोन केला. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांचं म्हणणं पडलं की मुलींसमोर आपण खंबीरच दिसायला हवं. बोलता बोलता कळलं की त्यांचा स्वतःचा खेळ विसाव्या वर्षी गुडघ्यामुळेच सुटला होता, आणि हे त्यांनी एकाही विद्यार्थिनीला सांगितलं नव्हतं. मी त्यांना पॅट समिटची आठवण करून दिली. टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची ही प्रशिक्षक. 1098 विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं, आणि नजरेच्या धाकासाठी प्रसिद्ध. ऑगस्ट 2011 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, आपल्याला अल्झायमर झाल्याचं तिने जाहीर सांगितलं आणि त्यानंतरचा पूर्ण हंगाम सहकाऱ्यांच्या आधाराने संघासोबत काढला. तिचा धाक त्यामुळे कमी झाला असं कुणी म्हणालं नाही.

मॅडम फोनवर काही बोलल्या नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी मुलीला सरावाच्या आधी अर्धा तास बोलावलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जुना व्रण दाखवला. "मला कुणी सांगणारं नव्हतं की भीती गुडघ्यापेक्षा उशिरा बरी होते," एवढंच म्हणाल्या. ही गोष्ट फिजिओही जाणतात: स्नायूंची ताकद परत आल्यावरही पुन्हा तसंच होईल या भीतीने कित्येक खेळाडू कोर्टवर पाय ठेवत नाहीत. पण मॅडमच्या तोंडून ते ऐकणं वेगळं होतं. त्या दिवसापासून व्यायाम नियमित झाले.

आईबरोबरचं सत्र सगळ्यात अवघड गेलं. "मग मी काय चुकीचं सांगत होते का?" हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, काळजी चुकीची नाही. काही मैत्र्या खरंच जाचक असतात. जी मैत्रीण तुमची गुपितं चारचौघांत फोडते, तुम्ही हरलात की तिला बरं वाटतंय हे लपवतही नाही, तिच्यापासून लांब राहावंच. पण ही मुलगी सात महिने, उत्तर येत नसताना, फोन करत राहिली आहे. आई म्हणाल्या, "हे मला माहीतच नव्हतं." मग हळूच, "माझीपण एक होती. लग्नानंतर सुटली." त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. ते इथे लिहिणार नाही.

दोघी मैत्रिणी माझ्याकडेच भेटल्या. पायाबद्दल जे मनात आलं होतं ते हिने तिला सांगितलं. सांगायलाच हवं असा माझा आग्रह नव्हता, तो तिचा निर्णय होता. ऐकून मैत्रीण म्हणाली, "आणि मी निवड झाल्यावर घरी जाऊन खूश झाले आणि मग मला माझीच किळस आली." दोघी एकदमच रडल्या आणि एकदमच हसल्या. मग त्यांनी आपापसात नियम ठरवले, मी फक्त ऐकत होते. एकेरीत समोरासमोर यायचं असेल तर आदल्या दोन दिवसांत खेळाबद्दल बोलायचं नाही. जिंकलेलीने सॉरी म्हणायचं नाही. हरलेली बोलेपर्यंत दुसरीने थांबायचं, पण निघून जायचं नाही. यातला शेवटचा नियम कुठून आला ते मला कळलं.

हिने आणखी एक अट घातली: "मी परत आले की मला मुद्दाम पॉइंट सोडायचे नाहीत. दया नको."

दहाव्या महिन्यात फिजिओंनी सामना खेळायची परवानगी दिली. त्या आठवड्याची आमची भेट तिने पुढे ढकलली आणि संध्याकाळी मेसेज पाठवला.

"ताई, 21-9, 21-7. हरले. एक पॉइंटसुद्धा फुकट दिला नाही तिने! माझाच ड्रॉप मारत होती मला. आता आईस लावून बसलोय दोघी, आई घ्यायला येतेय. तिला पण सोडणार आहे घरी."