बोल्ट घट्ट आहे, असं लिहिण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या शटडाउनपासून तारापूरच्या अणुवीज केंद्रात स्ट्रक्चरल बोल्टच्या तपासणीचं काम तुझ्याकडे येणार, हे वाचून बरं वाटलं. हे काम वरवर सोपं दिसतं. हातात टॉर्च, गळ्यात चेकलिस्ट आणि समोर शेकडो नट, सगळे सारखेच. म्हणूनच नजर लवकर थकते आणि हात टिक करत सुटतो. काही गोष्टी आधीच मनात पक्क्या असल्या की नजर जागी राहते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एचटी (हाय टेन्साइल, म्हणजे उच्च ताकदीच्या) बोल्टचं सगळं काम त्याच्या आतल्या ताणावर चालतं. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो, आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन प्लेटा एकमेकींवर दाबून धरतो. भूकंपात किंवा पंपाच्या थरथरीत जोड सरकत नाही, तो या दाबामुळे. एम20 (20 मिलिमीटर व्यासाच्या), 8.8 या ताकदीच्या दर्जाच्या बोल्टमध्ये आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाच्या हिशोबाने हा ताण सुमारे 137 किलोन्यूटन हवा, म्हणजे जवळजवळ 14 टन. हा ताण डोळ्यांना दिसत नाही आणि टॉर्क रेंचलाही, म्हणजे ठरवलेला पीळ (टॉर्क) बसला की आवाज देणाऱ्या पान्यालाही, दिसत नाही. आपल्याला मिळतात त्या सगळ्या त्याच्या खुणा.

टॉर्क रेंचवर लोकांचा फार विश्वास असतो, म्हणून तिथे थोडं थांबतो. आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या तळाशी घर्षणात जातो, 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम 10 टक्के ताण निर्माण करण्यात कामी येतो. आता आकडे बघ. आटे कोरडे असतील आणि टॉर्क गुणांक (टॉर्क आणि ताण यांना जोडणारा, घर्षणाप्रमाणे बदलणारा आकडा) 0.2 धरला, तर 137 किलोन्यूटनसाठी एम20 ला सुमारे 548 न्यूटन-मीटर लागतात. त्याच बोल्टला कुणी तेल लावलं आणि गुणांक 0.15 झाला, तर त्याच 548 वर ताण 183 किलोन्यूटनपर्यंत जातो. या बोल्टची यील्ड मर्यादा साधारण 162 आहे. म्हणजे रेंचने नेहमीसारखा ‘कट्’ आवाज दिला आणि बोल्ट कायमचा ताणला गेला. उलट आटे गंजून गुणांक 0.3 झाला, तर त्याच टॉर्कवर ताण 91 वर थांबतो, हवा त्याच्या दोन तृतीयांश. तिन्ही वेळा आवाज सारखाच येतो.

म्हणून पुस्तकातला टॉर्कचा आकडा घेऊन तपासणीला जाऊ नकोस. ज्या लॉटचे बोल्ट बसवले त्यातलेच निदान तीन, त्याच नट-वायसरसह, त्याच वंगणासह ताण मोजणाऱ्या कॅलिब्रेटरमध्ये आवळून बघायचे आणि तिथे जो आकडा येईल तोच त्या लॉटसाठी वापरायचा. पावसात भिजलेली पेटी असेल तर तीही वेगळा लॉट समज.

मला स्वतःला नट फिरवण्याची पद्धत जास्त भरवशाची वाटते. आधी साध्या पान्याने एका माणसाच्या पूर्ण ताकदीने नट आवळायचा, प्लेटा एकमेकींना नीट टेकल्याची खात्री करायची, आणि मग बोल्टचं टोक, नट आणि प्लेट यांवरून एक सरळ रेघ मारायची. बोल्टची लांबी व्यासाच्या चौपटीपर्यंत असेल तर तिथून एक तृतीयांश फेरा, चौपटीपेक्षा जास्त आणि आठपटीपर्यंत असेल तर अर्धा फेरा. रेघ किती सरकली ते वर्षांनंतरही दिसतं. मात्र जोडाच्या मधल्या, ताठ भागापासून सुरुवात करून कडेला जायचं. उलट केलं तर शेवटचा बोल्ट आवळताना पहिले सैल पडतात.

प्रत्यक्ष बघताना डोळा 600 मिलिमीटरच्या आत, पृष्ठभागाशी कोन 30 अंशांपेक्षा कमी नको, आणि उजेड 1000 लक्स. टॉर्च समोरून मारू नकोस, कडेने तिरकी धर. मग नटाच्या कडेला रंगात पडलेली केसाएवढी चीर सावलीने उठून दिसते. जोडाच्या फटीतून तपकिरी-लाल बारीक भुकटी ओघळलेली दिसली तर तो नुसता गंज समजून पुसून टाकू नकोस. प्लेटा एकमेकींवर घासत असल्या की अशी भुकटी निघते, म्हणजे आवळण गेलेली आहे. नटाकडची रेघ आवळल्यावर होती तिथेच आहे एवढ्यावरही निभावू नकोस. बोल्ट नटासकट फिरू शकतो, म्हणून डोक्याकडचीही रेघ बघ. बोल्ट आतून तुटलेला असेल तर दोन्हीकडच्या रेघा शहाण्यासारख्या जागेवर असतात. अशा वेळी नटाच्या एका बाजूला बोट टेकवून दुसऱ्या बाजूला लहान हातोडीने टिचकी मार. तुटलेला किंवा सुटलेला असेल तर बोटाला हालचाल कळते, आवाज बद्द येतो. हातोडी एवढंच सांगते, ताण किती आहे ते सांगत नाही.

तडा जातो तो बहुधा नटात अडकलेल्या पहिल्या आट्यापाशी, कारण एकूण भारापैकी साधारण एक तृतीयांश तोच एक आटा झेलतो. त्याखालोखाल डोकं आणि दांडा जुळतो तिथे. दोन्ही जागा बाहेरून झाकलेल्या असतात, म्हणून महत्त्वाच्या बोल्टना टोकाकडून अल्ट्रासॉनिक लावतात. पहिल्या दिवसाचा नोंदलेला सिग्नल हाताशी असेल तर आजचा वाचता येतो, नाहीतर आट्यांचे प्रतिध्वनी आणि तडा यांत गफलत होते.

सैल दिसणारा प्रत्येक बोल्ट चुकीचा नसतो, हेही सांगायला हवं. गरम पाइपच्या सपोर्टला लांबट भोकं असतात, तिथे पाइपला सरकायला जागा ठेवून डबल नट लावलेला असतो. नव्या माणसाचा हात शिवशिवतो आणि तो आवळून टाकतो. मग पाइप तापून वाढतो, सरकायला वाव नसतो आणि तो भार नोझलवर, म्हणजे पाइप जिथे यंत्राला जोडतात त्या तोंडावर, जातो. ड्रॉइंग बघितल्याशिवाय पाना लावू नकोस.

काँक्रीटमधल्या अँकरांना वेगळा वेळ दे. 1979 मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने बुलेटिन 79-02 काढून पाइप सपोर्टच्या बेस प्लेटा आणि एक्सपान्शन अँकर (भोकात फुगून काँक्रीट पकडणारे) सगळ्या केंद्रांकडून तपासून घेतले. हिशोबात प्लेट ताठ धरली जायची, पण प्रत्यक्षात ती वाकते, कडेवर टेकून उचकते आणि अँकरवर धरलेल्यापेक्षा जास्त ओढ येते. त्या बुलेटिनने वेज आणि स्लीव्ह प्रकाराला 4, शेल प्रकाराला 5 असा सुरक्षा गुणांक मागितला. तेव्हा नट बघून पुढे जाऊ नकोस. प्लेटखालचं ग्राउट (भरलेला सिमेंटचा थर) पोकळ आहे का, प्लेटच्या कोपऱ्यापासून काँक्रीटमध्ये चीर निघाली आहे का, अँकर कडेच्या फार जवळ आहे का, तेही बघ.

तारापूरला खारं वारं आहे. गंजलेला 8.8 दिसला की ‘त्यापेक्षा भारी’ म्हणून 10.9 सुचवण्याचा मोह होईल. तो आवर. पोलाद जितकं कडक, तितका हायड्रोजनने ठिसूळ होण्याचा धोका मोठा. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर मार्च 2013 मध्ये आवळलेल्या 96 जाड, गॅल्व्हनाइझ केलेल्या अँकर रॉडपैकी 32 थोड्याच दिवसांत तुटले. आवळताना ते शाबूत होते. अशा बोल्टांकडे आवळल्यानंतर काही दिवसांनी पुन्हा एक चक्कर ठेव. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं वंगणही उच्च ताकदीच्या बोल्टना वापरू देऊ नकोस. ताणाखाली तडे जाण्याला त्याची मदत होते.

रेडिएशन क्षेत्रात शिरण्याआधी बाहेर तोच जोड समजून तालीम कर. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 आहे, पण तुझं लक्ष्य त्याच्या कितीतरी खाली हवं. पाना, हातोडी, आरसा दोरीने मनगटाला बांधलेले असू देत, आत नेलेली प्रत्येक वस्तू मोजून बाहेर आण.

नोंद करताना ‘बोल्ट घट्ट आहे’ असं लिहू नकोस. ‘रेघ दोन्हीकडे आवळल्यावर होती तिथेच, नटाबाहेर तीन आटे, रंग अखंड, टिचकीला हालचाल नाही’ असं लिही. दोष दिसला तर हात लावण्याआधी फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेव. तिथल्या तिथे आवळून टाकलंस तर तो का सुटला याचा पुरावा गेला. एक तुटलेला सापडला की त्या गटातले सगळे तपासायचे, कारण त्याचा भार शेजाऱ्यांनी उचललेला असतो.

पहिल्या दिवशी एक कर. स्टोअरमधून एकाच लॉटचे दोन एम20 माग. एकाचे आटे कोरडे पुसून घे, दुसऱ्याला दोन थेंब तेल लाव. रेंच एकाच आकड्यावर, तेल लावलेल्यालाही झेपेल अशा कमी टॉर्कवर लावून दोन्ही कॅलिब्रेटरमध्ये आवळ आणि काट्याचे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

कळावे.