सागरतळाखालचे गॅस हायड्रेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : समुद्राच्या तळाखाली हायड्रेट आहे हे नुसत्या आवाजावरून कसं कळतं?

जहाजामागून ओढलेल्या एअरगनमधून दाबाखालची हवा एकदम सोडतात. तो धक्का खाली जातो, थराथरावरून थोडा थोडा परततो आणि लांबलचक केबलमधले हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारे मायक्रोफोन) तो टिपतात. हायड्रेट म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला मिथेन. त्याने गाळ घट्ट होतो, लहरींचा वेग वाढतो. पण खोल जावं तशी उष्णता वाढते आणि एका पातळीखाली हायड्रेट टिकत नाही. तिथे मोकळा वायू साठला असेल तर वेग झपकन पडतो. या सीमेवरून येणारा प्रतिध्वनी म्हणजे बीएसआर (बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर, सागरतळाची नक्कल करणारी रेघ). गाळाचे थर तिरपे असले तरी तो त्यांना छेदून सागरतळाला समांतर धावतो, आणि त्याची लहर तळावरून आलेल्या लहरीच्या बरोबर उलटी असते.

प्रश्न : कोकणासमोरही मोठा साठा आहे म्हणतात. खरं का? (रत्नागिरी)

भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत केरळ-कोकण खोऱ्यातही विवर खणलं. परतलेल्या लहरींवरून काढलेल्या (भूकंपीय) नकाशात बीएसआरसारखी रेघ होती. हाती आला चुनखडीयुक्त गाळ, हायड्रेट नाही. एका विवरावरून अख्खं खोरं रिकामं ठरत नाही, पण साठा आहे असंही म्हणता येत नाही. उलट उदाहरणही आहे : १९९५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढच्या ब्लेक रिजवर बीएसआर नसलेल्या जागीही हायड्रेट सापडलं.

प्रश्न : रेघ जितकी ठळक, तितका साठा जास्त ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. ठळकपणा मुख्यतः खालच्या वायूमुळे येतो, आणि तो वायू थोडासा असला तरी पुरतो. प्रमाण काढायला वरच्या थरातला लहरींचा वेग बारकाईने मोजावा लागतो. त्यासाठी तळावर भूकंपमापकही ठेवतात. तरी फसगत होते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात त्याच २००६ मध्ये सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर मिळाला, पण हायड्रेट चिकणमातीच्या उभ्या भेगांत भरलेलं होतं. ते सगळीकडे सारखं पसरलंय असं धरून केलेलं गणित बरंच फुगलं. मूळ दाब राखून वर काढलेल्या नमुन्यांत ते कितीतरी कमी निघालं. वायू काढायला वाळूचे थर जास्त सोयीचे, म्हणून २०१५ च्या मोहिमेत त्यांचाच शोध घेतला.

प्रश्न : या आवाजाचा माशांना त्रास होतो का?

होऊ शकतो; व्हेल-डॉल्फिनना विशेष. म्हणून आवाज एकदम न करता हळूहळू वाढवतात आणि आधी आसपास नजर ठेवतात. ही काळजी प्रत्येक सर्वेक्षणात घेतलीच पाहिजे.