12 इंची बाहुल्यासाठी संत्र्याच्या सालीची छोटी शिकारी पिशवी केली, म्हणजे जुने बंदूकवाले गोळ्या ठेवायला खांद्याला अडकवत तिची नक्कल, पण ती कडक होऊन तुटते. तुरटीच्या पाण्यात साल कमावली तर टिकेल का?

नाही. तुरटीने साल कमावली जात नाही, हिरड्याच्या काढ्यानेही नाही आणि मिठानेही नाही. हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की तो वाचला की माझं डोकं तडकतं. कातडं कमावतात तेव्हा टॅनिन किंवा तुरटी त्यातल्या कोलाजेन या प्रथिनाला धरून ठेवते. फळाच्या सालीत कोलाजेन नसतंच. तिथे असतं पेक्टिन, सेल्युलोज आणि भरपूर पाणी. तुरटीने पेक्टिन आवळलं जातं, म्हणजे साल मऊ व्हायच्या ऐवजी आणखी करकरीत होते. 12 इंची बाहुल्याच्या खांद्याला लावलेली तुमची पिशवी चार दिवसांत फुटली, त्याचं कारण पाणी उडून गेलं आणि त्याची जागा घ्यायला काही उरलं नाही, एवढंच. ती जागा ग्लिसरीनने भरायची असते. मेडिकलच्या दुकानात मिळतं ते साधं ग्लिसरीन चालतं.

दुसरी गोष्ट, फळ चुकलंय. नागपुरी संत्र्याची साल सैल, पातळ आणि आतून शिरांनी उंचसखल असते. शिवताना ती शिरेच्या कडेनेच फाटते. केळ्याची साल काळी पडते आणि तिचे धागे सुटतात. डाळिंबाची लाकडासारखी होऊन तडकते. मोसंबी घ्या, जाड सालीची, जराशी कच्ची. साल 4-5 मिमी भरली पाहिजे. पपनस उत्तम, पण त्यातला पांढरा भाग एवढा जाड असतो की खरवडण्यातच संध्याकाळ जाते.

मोसंबी आधी गरम पाण्यात सोडा टाकून पुसा, म्हणजे दुकानातलं मेण निघेल. देठापासून बुडापर्यंत चार चिरा द्या आणि चमच्याच्या दांड्याने सालीच्या चार फाका सोडवा. आतली रसाची पापुद्री अगदी साफ काढा, ती राहिली तर मुंग्या पिशवी शोधत येतात. मग चमच्याच्या कडेने पांढरा भाग खरवडून एकूण जाडी दीड मिमीवर आणा. उजेडासमोर धरून बघत राहा. जिथे जास्त पिवळं दिसेल तिथे थांबा, नाहीतर पिशवीला पुढे तिथेच भोक पडतं.

आता चुन्याची निवळी. एक लिटर पाण्यात चमचाभर पानाचा चुना ढवळा, बसू द्या, वरचं स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात साली दोन तास बुडवा. पेठ्यासाठी कोहळा याच कारणाने चुन्यात ठेवतात: कॅल्शियम पेक्टिनला बांधतं आणि फोड शिजताना विरघळत नाही. आपल्याला त्याचा फायदा टाक्यांच्या भोकांपाशी होतो, तिथली साल फाटत नाही. दोन तासांहून जास्त ठेवू नका. नुसता चुना म्हणजे नुसता कडकपणा. साल बुळबुळीत लागायची थांबेपर्यंत पाण्यात खळबळवा, पण अगदी शेवटचा चुना धुऊन काढायची गरज नाही, कारण तो रंगाला लागतो.

रंग पानवाल्याकडचा कात. 100 मिली उकळत्या पाण्यात चमचाभर काताची पूड, गाळून घ्या. त्यात 50 मिली ग्लिसरीन आणि अर्धा चमचा बोरिक पावडर, कॅरमवर टाकतो तीच. (पाकिटावर ‘बोरिक ॲसिड’ लिहिलंय का ते बघा, काही कॅरम पावडरींमध्ये ते नसतं.) हे गरम असतानाच सालीवर ओता आणि रात्रभर झाकून ठेवा. चुना आणि कात एकत्र आले की पानासारखाच तांबूसपणा चढतो, आणि तो जुन्या हरणाच्या कातड्याच्या इतका जवळ जातो की बाजारातला कुठलाही ब्राऊन रंग त्यापुढे फिका. लोखंडी भांडं, लोखंडी टाचण्या अजिबात नको. कातातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पितळी टाचण्या वापरा.

आता खरा वादाचा मुद्दा: कोणती बाजू बाहेर?

मिनिएचर करणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण पिवळी बाजू बाहेर ठेवतात, कारण ‘तिला चामड्यासारखे दाणे असतात’. एका प्रदर्शनात एका ज्येष्ठ मॉडेलकाराने मला हेच ऐकवलं होतं, सगळ्यांसमोर, आणि वर ‘उलटी साल म्हणजे आळशीपणा’ असंही. तेव्हा गर्दीत वाद घातला नाही. इथे घालतो. सालीवरचे तेलाचे खळगे साधारण अर्धा ते एक मिमी असतात. आपली पिशवी 1:6 प्रमाणात, म्हणजे खरीच्या एक षष्ठांश, म्हणून ते खऱ्या पिशवीवर 3 ते 6 मिमीचे झाले. एवढ्या मोठ्या छिद्रांचं कातडं कुठल्या प्राण्याचं? शिवाय त्या बाजूला मेणचट थर असतो, कात तिच्यावर नीट बसत नाही, डिंक धरत नाही, आणि तेल सुटत राहतं. पांढरी बाजू मात्र सुकली की मखमली, हरणाच्या कातड्यासारखी दिसते. ज्या पिशवीची आपण नक्कल करतोय, म्हणजे 18व्या शतकातल्या अमेरिकी सरहद्दीवरच्या ठासणीच्या लाँग रायफलवाल्यांची, ती अनेकदा तशाच कातड्याची असायची.

आणि उलटी साल हा आळशीपणा असेल तर फ्रान्समधल्या ग्रास या गावचे कारागीरही आळशीच म्हणायचे. तिथे 18व्या शतकात बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या डब्या करत. फळ पोखरून साल मोज्यासारखी उलटी करायची, लाकडी साच्यावर वाळवायची आणि पांढऱ्या बाजूवर चित्रं रंगवून वॉर्निश द्यायचं. सुगंधी पिवळी बाजू आत राहते, डबी उघडली की वास येतो. आपल्या पिशवीलाही तो फायदा फुकट मिळतो.

मापं. खरी पिशवी 7-8 इंच रुंद-उंच असते, म्हणून 1:6 ला साधारण 32 × 33 मिमी. दोनच तुकडे लागतात: पुढचा भाग, आणि मागचा भाग झाकणासकट एकसंध, लांबी 63 मिमी. कागदी नमुना मात्र सव्वापट कापा, साल आकसते. पुढच्या भागाला चारी बाजूंनी 2 मिमी जास्तीची कड ठेवा, शिवण तिच्यावर येते. सालीच्या फाकेला मुळातच फुगवटा असतो, फाक उलटवून तो पुढच्या भागात वापरा. भरलेल्या पिशवीचं पोट आयतं मिळतं.

साचा म्हणून दोन खोडरबर शेजारी चिकटवा, कोपरे घासा, वर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळा. थर्माकोल मुळीच नको. सालीच्या तेलातलं लिमोनीन थर्माकोल विरघळवतं आणि चिकट राडा सालीला कायमचा बसतो. साल पुसून साच्यावर पितळी टाचण्यांनी ताणा आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. उन्हात, ओव्हनमध्ये नाही. वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि कडा वळतात. एका दिवसाने साल ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. झाकणाची घडी तेव्हाच उदबत्तीच्या काडीवरून घाला. घडीच्या रेषेत आतून थोडं आणखी खरवडून घ्या. पूर्ण वाळल्यावर घडी घालाल तर चीर ठरलेली.

भोकंही याच वेळी पाडा, बारीक सुईने, दीड मिमी अंतरावर. खऱ्या पिशवीचं टाक्यांचं प्रमाण जपायला गेलात तर अंतर अर्ध्या मिमीवर येतं आणि कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटून हातात येते. सुती दोऱ्याची एकच लड घ्या, मेणावरून ओढून, दोन सुयांनी दोन्हीकडून. खरी पिशवी उलटी शिवून मग सुलटवतात. सालीला ते झेपत नाही, कड बाहेरच राहू द्या. सगळी शिवण झाल्यावर दुसरा दिवसभर साच्यावरच वाळवा.

पट्टा सालीचा करू नका. अख्खी मोसंबी गोल गोल सोलून निघालेली फीत कधी सरळ होत नाही. 4 मिमीची सुती फीत, 21-22 सेंमी, त्याच कातात बुडवलेली पुरते. खऱ्या पिशव्यांनाही विणलेले पट्टे असत. पट्टा डाव्या खांद्यावरून, पिशवी उजवीकडे कोपराजवळ, उंच. कमरेखाली लोंबणारी पिशवी पळताना मांडीवर आपटते. बाहुल्यालाही ती तशी लावली तर जाणकार हसतात. बटणाला मोहरीचा दाणा चिकटवा: 2 मिमी म्हणजे खरं 12 मिमीचं बटण. आत गोळ्या म्हणूनही मोहरीच घाला, अर्ध्या इंची शिशाच्या गोळीशी माप बरोबर जुळतं.

शेवटी मेणाचा हात, बोटाने, अगदी पुसट. वॉर्निश ग्लिसरीनवर नीट धरत नाही.

काही गोष्टी उशिरा सांगतोय. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात पिशवी घामेजते. कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुडीसकट डबीत बंद ठेवा. तेव्हाही बुरशी दिसली तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. वर मखमली दिसणारी बाजू सतत हाताळली की तुळतुळीत होते, त्यावर उपाय नाही. चुन्याचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका आणि बोरिक लहान मुलांच्या हाती नको. म्हणजे हे काम मुलांबरोबर करणार असाल तर भिजवणं तुम्ही करा, मोहरी त्यांना चिकटवू द्या. आणि तुमच्याकडे संत्र्याचीच साल उरली असेल, तर तिचा तुकडा पाठीमागच्या अस्तरासारखा वापरता येतो, ताण येत नाही अशा जागी.